जुना सिनेमा: आधी प्रत तपासा, मग मत द्या

जुन्या सिनेमावर लिहिणाऱ्यांच्या बहुतेक चुका लिहिताना होत नाहीत, पाहताना होतात. मोबाइलवर जी प्रत आधी सापडली तीच धरून बसायचं आणि मग ‘मध्येच कथा तुटते’, ‘संकलन ढिसाळ’, ‘नायिकेचा आवाज किनरा’ असे शेरे मारायचे. कथा तुटते तिथं बऱ्याचदा कुणीतरी एखादं गाणं कापलेलं असतं. संकलन ढिसाळ वाटतं तिथं रिळाचं टोक झिजलेलं असतं. आणि आवाज किनरा असतो, कारण टेप चार टक्के जास्त वेगानं पळत असते. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी ज्यांनी जीव ओतून ते काम केलं, त्यांच्या माथी हे दोष मारणं हा सरळसरळ अन्याय आहे. म्हणून या छंदात पहिलं काम प्रत ओळखण्याचं. रसग्रहण त्यानंतर.

निवड: एक धागा धरा

‘सर्वोत्तम शंभर’ छापाच्या याद्या बाजूला ठेवा. त्यांत दर वेळी काळ, भाषा आणि माणसं बदलतात आणि नजर कशावरच बसत नाही. त्याऐवजी एका संस्थेचा किंवा एका जोडगोळीचा धागा धरा. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. तिचे ‘अयोध्येचा राजा’ (१९३२), ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) याच क्रमानं पाहा. नऊ वर्षांत कॅमेरा कसा मोकळा झाला आणि नाटकाच्या रंगमंचावरून आलेले नट हळू बोलायला कसे शिकले, ते कुणी न सांगता दिसतं. दुसरा चांगला धागा दिग्दर्शक राजा परांजपे, लेखक-गीतकार ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके या तिघांचा: १९५२ चे ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’, मग १९६० चा ‘जगाच्या पाठीवर’.

महिन्याला दोन सिनेमे पुरे. आठवड्याला तीन पाहिले की महिनाभरानं सगळ्यांची खिचडी होते.

प्रभातच्या बाबतीत एक गोष्ट पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. त्यांचे बरेच चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्यांत तयार झाले. ‘कुंकू’चा हिंदी ‘दुनिया न माने’, ‘माणूस’चा ‘आदमी’, ‘शेजारी’चा ‘पडोसी’. हे डबिंग नव्हे, दृश्यं पुन्हा चित्रित केलेली आहेत, कधीकधी नटसुद्धा वेगळे. ‘शेजारी’त केशवराव दाते ज्या जागी आहेत तिथं ‘पडोसी’त मझहर खान आहेत. हिंदी आवृत्ती पाहून मराठीवर लिहिलं, की अभिनयाबद्दलचं प्रत्येक वाक्य चुकतं.

पहिले दहा सेकंद

सिनेमा सुरू होताच पडद्यावर सेन्सॉरचं सर्टिफिकेट येतं. सगळे ते पुढं ढकलतात. तिथंच थांबवा आणि फोटो काढा. त्यावर बहुधा रिळांची संख्या आणि फिल्मची लांबी लिहिलेली असते, जुन्या प्रतींवर फुटांत, नंतरच्या प्रतींवर मीटरमध्ये. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) या वेगानं चालली की मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर सरकते. लांबीला ९० नं (मीटर असतील तर २७.४ नं) भागा. मूळ सिनेमा किती मिनिटांचा होता ते हातात येतं.

उदाहरण घ्या. सर्टिफिकेटवर १२,६०० फूट आहे. भागिले ९०, म्हणजे १४० मिनिटं. तुमच्यासमोरची प्रत आहे ११८ मिनिटांची. २२ मिनिटं कुठं गेली? ती सगळीच कापलेली असतील असं नाही. आपल्याकडची टीव्हीची पद्धत सेकंदाला २५ चौकटींची होती, त्यामुळं टीव्हीसाठी उतरवलेल्या टेपवर २४ चौकटींचा सिनेमा २५ च्या वेगानं पळतो आणि १४० मिनिटांचा साधारण १३४ मिनिटांत संपतो. वेगात गेलेली सहा मिनिटं सोडली तरी १६ मिनिटं उरतात. एका रिळात जास्तीत जास्त १००० फूट, म्हणजे ११ मिनिटं मावतात. तेव्हा तुमच्या प्रतीत जवळजवळ दीड रीळ नाही. हे कळल्यावर ‘मध्यंतरानंतर पटकथा घाई करते’ असं वाक्य लिहायला हात धजावणार नाही.

इथं एक खाचखळगा आहे. पूर्वी सर्टिफिकेट दहा वर्षांपुरतं असे, पुन्हा प्रदर्शन करायचं तर नवं घ्यावं लागे. त्यामुळं १९४१ च्या सिनेमावर साठ-सत्तरच्या दशकातली तारीख दिसली तर ती प्रदर्शनाची तारीख समजू नका. आणि पुनःप्रदर्शनाच्या वेळी सिनेमा आधीच आखूड केलेला असेल, तर सर्टिफिकेटवरची लांबीही त्या आखूड प्रतीचीच असते.

सर्टिफिकेट नसेलच तर यूट्यूबवरच्या निदान तीन प्रती शेजारी शेजारी लावा. तिन्हींची लांबी, पहिली पाटी आणि गाण्यांची संख्या लिहून काढा. सगळ्यात लांब प्रत सगळ्यात चांगली असेलच असं नाही, कारण काही जण सुरुवातीला आणि मध्ये स्वतःच्या जाहिराती जोडतात. श्रेयनामावलीतली गीतकाराची पाटी पाहा, जुनी गाण्यांची पुस्तिका कुठं मिळाली तर तीही पाहा. पुस्तिकेत आठ गाणी आणि प्रतीत सहा, असं निघालं तर प्रश्न मिटला.

काही सिनेमांच्या बाबतीत पुरी प्रत आता कुठंच नाही. ‘आलम आरा’ (१९३१) हा पहिला भारतीय बोलपट पूर्ण हरवलेला आहे. पन्नासच्या दशकाच्या आरंभापर्यंतची फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये अशा रिळांच्या कोठाराला आग लागली आणि कितीतरी मूळ रिळं गेली. जे उरलंय ते डाग पडलेलं आणि तुटकं असलं तरी जपून पाहावं.

पडदा

१९५९ पर्यंत भारतात सिनेमास्कोप नव्हता. तेव्हाचं चित्र रुंदीला ४ आणि उंचीला ३ अशा प्रमाणाच्या जवळपासचं. त्याआधीचा सिनेमा तुमच्या रुंद टीव्हीवर कडेपासून कडेपर्यंत भरलेला दिसला, तर तो एकतर ताणलेला आहे किंवा वर-खाली कापलेला. ४३ इंची टीव्हीवर चित्र सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद हवं आणि दोन्ही बाजूंना साधारण १२ सेंटिमीटर काळी पट्टी हवी. पट्टी मोजण्याचा कंटाळा असेल तर पडद्यावरची गोल वस्तू शोधा: सायकलचं चाक, ग्रामोफोनची तबकडी, घड्याळाची तबकडी. ती लंबगोल दिसली की रिमोट उचला आणि ‘पिक्चर साइझ’मध्ये ४:३ निवडा. कापलेलं चित्र मात्र रिमोटनं दुरुस्त होत नाही. माणसांची कपाळं सतत वरच्या कडेला चिकटलेली आणि पाट्यांची पहिली ओळ अर्धी दिसत असेल, तर दुसरी प्रत शोधा.

मोशन स्मूदनिंग, म्हणजे दोन चौकटींच्या मध्ये टीव्हीनं स्वतःच नवी चित्रं घालणं, बंद करा. वेगवेगळ्या कंपन्यांनी त्याला वेगवेगळी नावं दिलीत. ते चालू असलं की कृष्णधवल सिनेमा दूरदर्शनच्या मालिकेसारखा गुळगुळीत पळतो. शार्पनेस शून्यावर आणा, नॉइज रिडक्शन बंद करा. फिल्मचा रवाळपणा हा दोष नाही, चेहऱ्यावरचा प्रकाश त्याच रव्यांत असतो. रंगछटा ‘वॉर्म’वर ठेवा, नाहीतर पांढरं धोतर निळसर दिसतं.

आता रिळाच्या टोकांचं. उजव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात अधूनमधून एक ठिपका क्षणभर चमकतो. चार चौकटी, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. रीळ संपत आल्याची ही प्रोजेक्टर चालवणाऱ्यासाठीची खूण. पहिला ठिपका रीळ संपायच्या सुमारे आठ सेकंद आधी, दुसरा सुमारे एक सेकंद आधी. पहिला दिसला आणि सात सेकंदांनी दुसरा आलाच नाही, उलट वाक्य अर्धवट तोडून दृश्यच बदललं, तर रिळाचं शेपूट गेलेलं आहे. टॉकीजमध्ये रीळ वारंवार लावून-काढून सगळ्यात आधी टोकंच झिजतात. अशा उड्या वहीत ‘रीळ’ असं लिहून वेगळ्या नोंदवा. संकलकाच्या खात्यात त्या टाकायच्या नाहीत.

मूकपटांचं वेगळं. ते बरेचदा सेकंदाला १६ ते २० चौकटींच्या दरम्यान चित्रित व्हायचे आणि आता २४ नं चालवले जातात, म्हणून माणसं तुरुतुरु चालतात. यूट्यूबवर वेग ०.७५ करून पाहा. चाल लगेच माणसात येते.

आवाज आणि कूलर

नागपुरात हा छंद करणाऱ्याला एक अडचण आहे जी पुण्या-मुंबईच्या माणसाला नाही. एप्रिल ते जून दुपारी खिडकीतला कूलर बंद करता येत नाही, आणि कूलरच्या पंख्याची घरघर नेमकी जुन्या ध्वनिपट्टीतले हळू संवाद गिळते. आवाज वाढवून उपयोग नाही, खरखरही वाढते. कानावर पूर्ण बसणारे, वायरचे हेडफोन घ्या आणि आवाज मध्यम ठेवा. किंवा रात्री साडेनऊनंतर कूलर कमी वेगावर टाकून बसा. चार मित्रांना घेऊन पाहायचं असेल तर हिवाळ्यातली रविवार सकाळ उत्तम. तर्री पोहे आधी उरकून घ्या, सिनेमा चालू असताना प्लेटा आणि चिवड्याच्या पुड्या वाजायला नकोत.

टीव्हीतलं ‘सराउंड’ बंद ठेवा. मूळ आवाज एकाच वाटेचा, तो उगाच फाकवला की संवाद विहिरीतून आल्यासारखे येतात. त्या काळच्या ध्वनिपट्टीत फार उंच सूर नोंदलेच जात नसत, तिथं नुसता हिस्स आवाज असतो. म्हणून ट्रेबल दोन-तीन घरं खाली आणा.

टेप २५ च्या वेगानं पळत असेल तर सूर अर्ध्या स्वराला थोडा कमी इतका चढतो. गाणारा माणूस घरात असेल तर त्याला पेटीवर पट्टी धरून सांगायला लावा, मूळ ध्वनिमुद्रिकेशी ताडून पाहा. तुमच्याकडे डीव्हीडी असेल तर संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा आणि सेटिंगमधलं ‘टाइम स्ट्रेचिंग ऑडिओ’ बंद करा. ते चालू राहिलं तर वेग उतरतो पण सूर चढलेलाच राहतो. ध्वनिमुद्रिकेशी फक्त सूर ताडायचा, लांबी नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत, त्यामुळं सिनेमातलं एखादं कडवं तबकडीवर नसणं नेहमीचंच.

वही

दोनशे पानी रजिस्टर, पानावर तीन रकाने: वेळ, दिसलं, ऐकलं. तिसरा रकाना बहुतेकांचा कोराच राहतो, आणि जुन्या सिनेमाची अर्धी कारागिरी तिथंच असते.

पहिल्यांदा पाहताना थांबवू नका. मिनिटाचा आकडा आणि दोन-तीन शब्द, बस. ‘४१, दार, सावली.’ दोन ते सात दिवसांनी दुसऱ्यांदा पाहा, या वेळी थांबवत. दोन तासांच्या सिनेमाला साडेतीन-चार तास लागतात, तेवढा वेळ काढून ठेवा. संगणकावर यूट्यूब थांबवून स्वल्पविरामाची कळ दाबली की एक चौकट मागे आणि पूर्णविरामाची दाबली की एक चौकट पुढे जाता येतं. पाट्यांवरची पुसट नावं अशीच वाचायची.

मग एक पाच मिनिटांचं दृश्य निवडा आणि प्रत्येक कटला एक रेघ मारा. २५ रेघा झाल्या तर ३०० भागिले २५, म्हणजे एक शॉट सरासरी १२ सेकंदांचा. ‘संथ’ हा शब्द लिहायच्या आधी हा आकडा काढायचाच. पुष्कळदा संथ वाटणाऱ्या दृश्यात शॉट लांब असतो पण त्याच्या आत माणसं सतत जागा बदलत असतात, म्हणजे काम चालूच असतं.

ऐकण्याचा सराव ‘कुंकू’वर करा. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते पडद्यावरच्या घरातून किंवा रस्त्यावरून येतं. कुठलीही पाच मिनिटं डोळे मिटून ऐका आणि आवाजांची यादी करा, मग तीच पाच मिनिटं डोळे उघडून पाहा आणि प्रत्येक आवाजासमोर त्याची वस्तू लिहा. केशवराव दात्यांच्या म्हाताऱ्या नवऱ्याचं मन सांगायला दिग्दर्शकाला सारंगी लागत नाही, भिंतीवरचं घड्याळ पुरतं. ‘ध्वनीचा अप्रतिम वापर’ या तीन शब्दांत यातलं काहीच येत नाही. ‘या दृश्यात घड्याळ कधी ऐकू येतं आणि कधी थांबतं’ एवढं लिहिलं तरी वाचक ते दृश्य पुन्हा लावतो.

नावं, तारखा आणि नागपूर

दिग्दर्शक आणि नायक-नायिका सगळेच लिहितात. छायाचित्रण, ध्वनिलेखन, कलादिग्दर्शन आणि संकलन यांची नावं पाटीवरून, पाटीवर जशी लिहिली आहेत तशीच उतरवा. इंटरनेटवरच्या याद्यांत इनामदार-जहागिरदार छापाची आडनावं तीन तऱ्हांनी सापडतात.

‘प्रदर्शित’ आणि ‘नागपुरात प्रदर्शित’ असे दोन वेगळे रकाने ठेवा. १९५६ पर्यंत नागपूर मुंबई प्रांतात नव्हतं, आणि सिनेमाच्या धंद्यात हा मुलूख आजही ‘सी.पी. बेरार’ (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) म्हणूनच वेगळा धरतात. मुंबईत लागलेला सिनेमा इथं अनेकदा उशिरा पोचायचा. खरी तारीख सापडते ती वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत: टॉकीजचं नाव, खेळांच्या वेळा, ‘आजपासून’ की ‘तिसरा आठवडा’. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीला) विदर्भ साहित्य संघाचं ग्रंथालय आहे, महालात आणि धंतोलीकडंही जुनी वाचनालयं आहेत. जाण्याआधी फोन करून जुन्या फाइली आहेत का, पाहायला अर्ज लागतो का, हे विचारून घ्या. मुंबईतल्या प्रदर्शनाच्या तारखेपासून पुढचे सहा महिने चाळायचे. सोबत पेन्सिल न्या, शाईचं पेन नको. फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा आणि पिवळी पडलेली पानं कोपऱ्यातून न उचलता खालून पूर्ण तळवा घालून उलटा.

कागदाइतकंच मोल वयस्कर शेजाऱ्यांच्या आठवणींना आहे. व्हरायटी चौक, पंचशील चौक ही नावं टॉकीजवरून पडली, इतकी ती या गावाच्या अंगात मुरलेली आहेत. प्रश्न मात्र नीट विचारा. ‘तो सिनेमा कसा होता?’ म्हटलं की ‘छान होता’ एवढंच येतं. ‘काकाजी, हा कोणत्या टॉकीजला लागला होता? तिकीट कितीचं काढलं? कोणासोबत पाह्यला?’ असं विचारलं की गोष्टी सुटायला लागतात. टॉकीज, गर्दी आणि गाणी लोकांना पक्की आठवतात, साल आठवत नाही. ‘तेव्हा तुम्ही कितवीत होता?’ यावरून साल काढा आणि दोन वर्षं इकडं-तिकडं धरा. जाहिरात सापडेपर्यंत ते साल ‘सुमारे’ म्हणूनच लिहायचं.

परीक्षण

६०० ते ८०० शब्द. पहिल्या परिच्छेदात साल, भाषा, कोणती आवृत्ती आणि तुम्ही पाहिलेल्या प्रतीची लांबी. कथेला १०० शब्दांच्या वर जागा देऊ नका. निम्मी जागा एकाच दृश्याला द्या, कारण एक दृश्य नीट उलगडलं की उरलेल्या सिनेमाबद्दलचं मत वाचक आपोआप मानतो किंवा तुमच्याशी भांडतो. दोन्ही चालतं.

‘त्या काळाच्या मानानं चांगला’ हे वाक्य कधीच लिहू नका. ते कौतुक नव्हे, पाठ थोपटून बाजूला सारणं आहे. त्या जागी काळानं घातलेली अट लिहा. सुरुवातीच्या बोलपटात कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनला ऐकू जाऊ नये म्हणून कॅमेरा झाकून ठेवावा लागे, म्हणून तो फार हलत नाही. पार्श्वगायन रूढ होण्याआधी नट चित्रीकरण चालू असतानाच गात आणि वादक चौकटीबाहेर किंवा झाडाआड बसत, म्हणून गाताना नट एका जागी थांबतो. ही अट सांगून मग विचारा, या नटानं त्या थांबण्याचं काय केलं? ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस अभंग गाताना जवळपास काहीच करत नाहीत, आणि समोर गौरींची जिजाई सतत काहीतरी करत असते. त्या दोघांतला हा फरकच त्या सिनेमाचा प्राण आहे. जिजाईला नुसती ‘कजाग बायको’ म्हणून मोकळं होणाऱ्यानं तिचे हात पाहिलेले नसतात.

परीक्षणात चौकटीचं छायाचित्र वापरायला हरकत नसते, समीक्षेसाठी तेवढी मुभा कायद्यात आहे. पूर्ण सिनेमा स्वतः कुठं चढवायचा विचार असेल तर मात्र लक्षात ठेवा: चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो आणि गीत-संगीताचे हक्क वेगळे असतात.

दुरुस्ती

परीक्षण लिहून झालं तरी वहीतलं पान बंद करू नका, खाली चार ओळी कोऱ्या सोडा. पुढं लांब प्रत सापडते, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं स्वच्छ केलेली एखादी प्रत महोत्सवात लागते, कुणाच्या तरी माळ्यावर गाण्यांची पुस्तिका निघते. तेव्हा मूळ मजकूर न खोडता खाली तारीख घालून लिहा: ‘आधी ११८ मिनिटांची प्रत पाहिली होती, आता १३३ मिनिटांची पाहिली. मध्यंतरानंतरचं गाणं आणि त्यापुढचं विहिरीवरचं दृश्य पहिल्या प्रतीत नव्हतं. शेवट घाईचा आहे हे मत मागे घेत आहे.’